खाटेपाशी बोलायचे नाही

४ फेब्रुवारी

मोठ्या मावशीस,

वाकून नमस्कार. आज वाकताना कंबर ठणकते आहे, तो भाग निराळा.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू माझे एकही वाक्य पुरे होऊ देत नाहीस. न्यायाधीशपदावरून निवृत्त होऊन तुला बरीच वर्षे झाली. समोरच्याला मध्येच थांबवून 'मुद्द्यावर ये' म्हणण्याची खोड मात्र अजून नोकरीत आहे. कागद तरी तुला अडवता येणार नाही.

आमच्या इन्चार्ज सिस्टरांनी यंदा माझ्या गळ्यात एक विद्यार्थिनी बांधली आहे. नर्सिंग कॉलेजातल्या ट्यूटर मॅडम वर्गात शिकवतात. पण वॉर्डात, खऱ्या आजारी माणसांत, प्रत्येक मुलीला एका कामकरी नर्सच्या हाताखाली देतात. त्या नर्सला प्रिसेप्टर म्हणायचे. शब्द भारदस्त आहे. अर्थ एवढाच, की माझ्या खाटा जशाच्या तशा राहतात आणि शिवाय एक मुलगी दिवसभर पाठीमागे उभी असते. शेवटी मी सही केली, तर ती एकटीने काम करायला मोकळी. नाही केली, तर तिचे वर्ष गेले.

आयाबाईंनी तिचे नाव 'मांजर' ठेवले आहे. पावलांचा आवाज नाही, तोंडाचा नाही. 'समजलं का?' 'हो सिस्टर.' 'जमेल का?' 'हो सिस्टर.' उद्या मी खिडकीतून उडी मार म्हटले, तर ही 'हो सिस्टर' म्हणेल आणि आधी चपला नीट लावून ठेवील. मठ्ठ आहे, पुढाकार शून्य, आणि चेहरा असा, की भिंतीशी बोलावे तर निदान प्रतिध्वनी तरी येतो.

पहिले दोन-तीन दिवस तिला वाचा होती. आमच्याकडे एक शिंपीकाका आहेत. मधुमेह, पायाची जखम चिघळलेली. त्यांना मी गोळ्या देत होते, तर ही त्यांच्यादेखत म्हणाली, 'सिस्टर, ही गोळी काल बंद केली होती ना?' डॉक्टरांनी ती त्याच सकाळी पुन्हा सुरू केली होती. पण शिंपीकाकांनी ओठ मिटले ते मिटले. पुढे दोन दिवस प्रत्येक गोळी कापडाचा पोत पाहावा तशी उजेडात धरून पाहत होते. तेव्हा मी तिला बाजूला नेऊन बजावले, 'खाटेपाशी माझ्यावर शंका काढायची नाही. काही बोलायचं असेल तर मला बाहेर बोलाव.'

आता तुझ्याकडे काम. ही मुलगी तयार नाही, असा अहवाल मला लिहायचा आहे, आणि तो असा हवा की कॉलेजातल्या कुणालाही खोडता येऊ नये. तू आयुष्यभर निकाल लिहिलेस. मसुदा करून दे.

तुझी,
वैतागलेली भाची


९ फेब्रुवारी

प्रिय भाचीबाई,

आशीर्वाद आहेतच; ते गृहीत धरून पुढे जाते.

पत्र दोनदा वाचले. पहिल्यांदा राग ऐकला, दुसऱ्यांदा मुद्दे शोधले. रागाची कमतरता नाही.

'मठ्ठ', 'पुढाकार शून्य', 'भिंत' ही विशेषणे आहेत. विशेषणांवर कुणालाही नापास करता येत नाही. फार तर कुणाचे लग्न मोडता येते. आणि गप्प बसणे हा माझ्या न्यायालयात गुन्हा नव्हता. गप्प बसणारे वकील मला इतके थोडे लाभले, की एखादा दिसला तर मी त्याला चहा पाजला असता.

मला एक घटना दे. कोणत्या रुग्णाचे कोणते काम होते, तिने काय करायला हवे होते, आणि तिने काय केले किंवा केले नाही. अशी एकच घटना असेल, तर अहवाल आपोआप उभा राहील. ती नसेल, तर मी कितीही घोटीव भाषा वापरली तरी त्यावर फक्त तुझी आई विश्वास ठेवील, आणि तिचा विश्वास कुणावरही बसतो.

तोवर मसुद्याचा हट्ट धरू नकोस. कंबरेला शेक दे. परिचारिकांना हे सांगावे लागते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

तुझी,
मोठी मावशी


१६ फेब्रुवारी

मावशी,

घे तुझी घटना.

इन्सुलिन हे औषध आमच्याकडे कुणी एकटीने देत नाही. एकीने सिरिंजमध्ये भरायचे, दुसरीने केसपेपर आणि सिरिंज दोन्ही पाहायचे, मग टोचायचे. जास्त गेले तर रक्तातली साखर इतकी उतरते, की माणूस बेशुद्ध पडतो. काल दुपारी शिंपीकाकांना दहा युनिट द्यायचे होते. मी मुद्दाम एका सिरिंजमध्ये नुसते सलाईन वीसच्या खुणेपर्यंत भरले. घाबरू नकोस, ते टोचायचेच नव्हते. खाटेपाशी जाऊन सिरिंज तिच्यासमोर धरली आणि म्हणाले, 'वीस युनिट. बरोबर?'

'हो सिस्टर.'

दुप्पट! आणि ही 'हो सिस्टर'! केसपेपर हाताशी लटकत होता. मी सिरिंज तिथेच ट्रेमध्ये टाकली. माझा चेहरा बघून तिला काहीतरी कळले असावे, कारण लगेच म्हणते, 'सिस्टर, एक मिनिट बाहेर येता का?' ऐन औषधाच्या वेळी! मी म्हटले, 'आता सारवासारव नको. तुझं काय ते मला कळलं.' मग खरी सिरिंज भरली, दुसऱ्या स्टाफ नर्सला दाखवली, दहा युनिट टोचले आणि पुढच्या खाटेकडे गेले. ती तिथेच उभी. पुन्हा एकदा 'सिस्टर' म्हणाली. मी वळलेसुद्धा नाही.

दिवसच वाईट होता. तासाभरात शिंपीकाकांना दरदरून घाम सुटला, हात कापायला लागले, शुगर एकदम खाली. दहाच युनिट दिले होते, तरी. सगळा वॉर्ड धावला. डॉक्टर येईपर्यंत ही बया साखरेच्या पाण्याचा पेला घेऊन आधीच त्यांच्या उशाशी. तेवढे बरे केले, नाही म्हणत नाही. काका अर्ध्या तासात सावरले आणि 'मला गोड देता म्हणजे मी बरा झालो का?' म्हणून विचारू लागले.

संध्याकाळी ट्यूटर मॅडमना सांगितले, की मी सही करणार नाही. त्या म्हणाल्या, लेखी द्या, पंधरा दिवसांच्या आत. आता तरी मसुदा दे. रुग्ण, काम, काय करायला हवे होते, काय केले. तुझे चारही रकाने भरले आहेत.

तुझी भाची


२० फेब्रुवारी

भाचीबाई,

मी पुरावा शोध म्हटले होते. तयार कर असे म्हटले नव्हते. हा फरक तुला समजावून सांगावा लागतो आहे, याचा मला मनस्ताप होतो.

पहिली गोष्ट. तू आजारी माणसाच्या खाटेला परीक्षेचे बाक केलेस. सिरिंजमध्ये सलाईन होते, हे तुला ठाऊक होते, त्याला नव्हते.

दुसरी. 'वीस युनिट. बरोबर?' हा प्रश्नच नव्हे. आमच्याकडे याला सूचक प्रश्न म्हणतात. उत्तर स्वतःच उच्चारायचे आणि समोरच्याकडून मान डोलावून घ्यायची. साक्षीदार भित्रा असेल तर तो काहीही कबूल करतो, म्हणून कोणताही शहाणा न्यायाधीश तो प्रश्न चालू देत नाही. ज्या तपासणीत पहिलीने आकडा सांगायचा आणि दुसरीने 'हो' म्हणायचे, तिथे दोन तपासण्या होत नाहीत. एकच होते, मोठ्या आवाजात. तुमच्या वॉर्डात सगळ्याच असे विचारत असतील, तर ती मुलगी हा माझ्या काळजीचा विषयच राहत नाही.

तिसरी, आणि हिच्यावर निकाल ठरतो. तू तिला बजावले होतेस, की खाटेपाशी शंका काढू नकोस, बाहेर बोलाव. खाटेपाशी तिने 'हो' म्हटले आणि लगेच तुला बाहेर बोलावले. एकदा नव्हे, दोनदा. म्हणजे तुझी आज्ञा तिने अक्षरशः पाळली. तूच तिचे तोंड बांधलेस आणि तोंड बांधलेले आहे म्हणून तिला नापास करायला निघालीस. यावरून निष्कर्ष एकच निघतो: चूक तिच्या लक्षात आली होती आणि तीच सांगण्यासाठी ती तुला बोलावत होती. तुझ्या चारही रकान्यांतून, बाई, ती निर्दोष सुटते.

अहवाल पाठवू नकोस. आधी तिला विचार, आणि विचारल्यावर गप्प बस. हे तुला जड जाईल.

मोठी मावशी


२३ फेब्रुवारी

मावशी,

तुझे पत्र वाचून मी इतकी चिडले, की ते कपाटात टाकून कपाटाला कुलूप लावले. मग दुसऱ्या दिवशी तिला ड्रेसिंगच्या खोलीत बसवले. शब्द न् शब्द लिहिते, कारण तुला तसेच लागते.

'त्या दिवशी मी वीस म्हणाले, तू हो म्हणालीस. का?'

'तुम्ही म्हणालात म्हणून.'

'केसपेपर बघितला होतास?'

'नाही सिस्टर. सिरिंज बघितली. वीसच होते त्यात.'

मला तिची दया आली, मावशी. मी तिला वाट करून दिली. म्हटले, 'पण चूक तुझ्या लक्षात आली असेल. मीच खाटेपाशी बोलू नको म्हणाले होते, म्हणून तू मला बाहेर बोलावत होतीस. हो ना?'

कळले का? सूचक प्रश्न. तुझाच निष्कर्ष, तयार करून तिच्या तोंडात घातलेला. नुसती मान हलवली असती तर सुटली असती.

ती म्हणाली, 'नाही सिस्टर. ते मला कळलंच नव्हतं.'

'मग बाहेर कशाला बोलावत होतीस?'

'काका जेवले नव्हते.'

ती सांगत गेली. एवढी वाक्ये तिने सलग कधी बोललेली मी ऐकली नव्हती. 'सकाळचा नाश्ता त्यांनी शेजारच्या ड्रायव्हरकाकांना दिला. दुपारचं ताटही दिलं. ड्रायव्हरकाका दोन-दोन ताटं खात होते, म्हणून मला कळलं. शिंपीकाकांना मळमळत होतं, पण सांगितलं तर घरी सोडणं लांबेल म्हणून ते कुणाला बोलत नव्हते. उपाशीपोटी इन्सुलिन गेलं तर शुगर उतरणार. खाटेपाशी म्हटलं असतं तर दोन्ही काका घाबरले असते, आणि तुम्हीही...' इथे थांबली.

'मीही काय?'

'तुम्हीही ओरडला असता.'

जेवण झाले का, हे विचारल्याशिवाय मी आजवर कुणाला इन्सुलिन टोचलेले नाही. विचारणे माझ्या जिभेवर असते. त्या दिवशी जिभेवर 'वीस, बरोबर?' होते. सापळा लावण्याच्या नादात मी ताटाकडे पाहिलेच नाही. योग्य माणसाला योग्य औषध योग्य मापाने दिले आणि त्याला घामाने निथळत ठेवले.

'मग साखरेचं पाणी...'

'मी करून ठेवलं होतं. तुम्ही वळला नाहीत म्हणून.'

'दुसऱ्या कुणाला का नाही सांगितलंस?'

'तुम्हाला वगळून कुणाकडे गेले असते तर तुम्ही सही केली नसती.' आणि मग खाली बघून, 'तशीही नाहीच करणार आहात म्हणा.'

तर तुझा निष्कर्ष साफ चुकला, मावशी. तिने आकडा तपासला नव्हता. ती निर्दोष नाही. पण मी काय आहे ते आता मला कळेनासे झाले आहे. काका बरे आहेत. साखर का उतरली, हे तिच्या-माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, आणि तिने कुणाला सांगितलेले नाही. डॉक्टरांनी 'कधीकधी होतं असं' म्हणून विषय मिटवला. मी अहवाल दिलाच नाही, मुकाट्याने सही केली, तर तिचे वर्ष वाचते आणि माझेही झाकलेले राहते. ती काही बोलणार नाही. अडचण अशी आहे, की ती काही बोलणार नाही हेच मला टोचते आहे.

काय करू?


२६ फेब्रुवारी

भाचीबाई,

युक्तिवाद बरोबर होता. माहिती अपुरी होती, आणि ती पुरवणारी तू होतीस. तरीही निष्कर्ष माझा होता आणि तो चुकला, हे मान्य. तू घातलेला घास त्या मुलीने परत केला. इतका सच्चा साक्षीदार समोर असताना मी इतका घाईचा निकाल द्यायला नको होता.

काय करू, असे विचारतेस. उत्तर तुझ्याच पत्रात शेवटून दुसऱ्या वाक्यात आहे, आणि ते तुला दिसले आहे म्हणूनच तू चिडली आहेस.

तुझ्या डोक्यात एक सौदा शिजतो आहे: तिची चूक, तुझी चूक, फिटंफाट. तो मी मोडते. तिने केसपेपर पाहिला नाही, ही गोष्ट तू ताट पाहिले नाहीस म्हणून वजा होत नाही. अशा मुलीला सही देऊन मोकळी केलीस, तर उद्या दुसरी कुणी खरोखरच वीस भरील आणि ती 'हो' म्हणेल. आणि काका का निथळले, हे तू लपवलेस, तर त्या वॉर्डात पुढचे माणूस त्याच कारणाने निथळेल. दोन्ही गोष्टी लिही. एकाच कागदावर, पण एकीला दुसरीचा टेकू न देता.

मसुदा मी करणार नाही. हा तुला तुझ्या शब्दांत लिहावा लागेल, आणि विशेषणांशिवाय.

मोठी मावशी


१७ मार्च

मावशी,

इतके दिवस लिहिले नाही, कारण लिहिण्यासारखे काही बरे घडत नव्हते.

अहवाल दिला. दोन्ही गोष्टी लिहिल्या. इन्चार्ज सिस्टरांनी तो उभ्यानेच वाचला, मग बसून वाचला, मग दार लावून मला अर्धा तास जे सुनावले त्याची नक्कल तुझ्या पत्रात बसणार नाही. 'शिकवायला दिली होती, पकडायला नव्हे' एवढे मात्र माझ्या डोक्यात अडकले आहे. लेखी ताकीद मिळाली. सुट्टीचा अर्ज फेटाळला. त्याचा याच्याशी संबंध नाही असे त्या म्हणतात.

शिंपीकाकांची घरी जायच्या आधी माफी मागितली. काका म्हणाले, 'सिस्टर, मीही कधीकधी मापं न घेता कापड कापलंय. पण तेव्हा गिऱ्हाईक आत नव्हतं.' पाय बरा आहे त्यांचा.

कॉलेजने मुलीला नापास केले नाही, पासही केले नाही. मुदत वाढवून दिली. ट्यूटर मॅडमनी तिला विचारले, दुसरी प्रिसेप्टर हवी का. मला वाटले, उड्या मारत हो म्हणेल. ही म्हणाली, 'नको. नव्या सिस्टरांचा राग समजायला पुन्हा महिना जाईल.' मॅडमनी हे मला मोठ्या कौतुकाने सांगितले. यात कौतुक करण्यासारखे काय आहे, ते तूच सांग.

खाटेपाशीचा नियम मी मागे घेतला. तिला म्हटले, 'शंका आली की तिथेच बोलायचं. पेशंट घाबरला तर मी समजावीन.' आणि आता मी सिरिंज भरून नुसती तिच्यासमोर धरते. आकडा सांगत नाही. विचारते, 'किती?' तिने केसपेपर वाचून सांगायचे. दुसऱ्या स्टाफ नर्स आकडा सांगून मोकळ्या होतात. त्यांच्याशी माझे रोज वाजते. वॉर्डात आता मांजर राहिली बाजूला, माझेच नाव 'किती' पडले आहे.

तुझी भाची


२२ मार्च

भाचीबाई,

कौतुक करण्यासारखे बरेच आहे. पण ते तुला पत्राने समजणार नाही, म्हणून कागद वाचवते.

ताकीद जपून ठेव. माझ्याकडे अशा दोन आहेत. तुझ्या आईला सांगू नकोस. तिला वाटते मी कधी चुकलेच नाही, आणि तो गैरसमज मला म्हातारपणी उपयोगी पडतो.

सहीचे काय?

मोठी मावशी


१४ एप्रिल

मावशी,

सहीचे सांगते, पण आधी माझे गाऱ्हाणे ऐक.

या मुलीने माझा जीव नकोसा केला आहे. बोल म्हटले होते. इतके बोल म्हटले नव्हते. 'सिस्टर, हात धुतले का?' 'सिस्टर, ही चादर ओली आहे.' 'सिस्टर, तुमचं अक्षर लागत नाही.' राउंडच्या वेळी मोठ्या डॉक्टरांना म्हणाली, 'सर, हा रिपोर्ट कालच्या पेशंटचा आहे.' तो खरेच कालच्या पेशंटचा होता, पण माझे काळीज पायात आले. आयाबाई म्हणतात, 'सिस्टर, ती गप्प होती तेच सोन्याचे दिवस.' मी त्यांना होकार देते आणि लगेच माझीच मला लाज वाटते.

परवाची गोष्ट. रंगाच्या दुकानाचे एक मालक आहेत, नवे पेशंट, सुईला फार भितात. दंडावर स्पिरिट लावून झाले, सिरिंज तिच्यासमोर धरली, विचारले, 'किती?'

'आठ,' ती म्हणाली. मग सिरिंजकडे बघून, 'थांबा सिस्टर. यात दहा आहेत. थांबा.'

मालकांनी दंड आखडून घेतला. 'म्हणजे? दोन जास्त? माझ्यात?' शेजारच्या खाटाही उठून बसल्या. मला ठाऊक होते की दहाच बरोबर आहेत. डॉक्टरांनी तासाभरापूर्वी नवी ओळ लिहिली होती आणि ती जुनी ओळ वाचत होती. ओठांवर आले होते, 'अगं बघ तरी नीट!' मी ते गिळले. केसपेपर काढला, तिच्यापुढे धरला आणि गप्प उभी राहिले. तुला सांगते, कंबरेपेक्षा ते जड गेले.

तिने वरची ओळ वाचली. बोटाने खालची वाचली. तारीख बघितली, वेळ बघितली, सही बघितली. अख्खा वॉर्ड तिच्याकडे बघत होता. चूक तिची होती, सगळ्यांदेखत. मला वाटले, आता ही पुन्हा कायमची मिटते.

म्हणाली, 'दहाच. माझं चुकलं.' मग मालकांकडे वळून, 'जेवलात ना?'

'जेवलो, बाई. पण तुम्हा दोघींचं आधी नक्की ठरू द्या.'

'ठरलं,' ती म्हणाली, आणि मी टोचले.

त्याच संध्याकाळी मी सही केली. ट्यूटर मॅडमना चमत्कारिक वाटले. म्हणाल्या, 'आज तर तिचं चुकलं ना?' मी म्हटले, म्हणूनच. बरोबर असताना थांबवणे सोपे आहे. आपलेही चुकले असू शकते हे ठाऊक असून जी सगळ्यांपुढे माझा हात धरते, तिला एकटीला सोडायला मला भीती वाटत नाही. याला तुझ्या शास्त्रात काय म्हणतात ते मला माहीत नाही आणि तू सांगूही नकोस.

कागद तिच्यापुढे सरकवला. वाटले, निदान आज तरी डोळ्यांत पाणी येईल, दोन शब्द बोलेल. तिने तो उचलला, नीट वाचला, आणि म्हणाली, 'सिस्टर, तारीख कालची घातलीय तुम्ही.'

तुझी,
भाची